एक मजला खाली

'नको' म्हणण्यात सेप्टा हार्टिगनचा हात धरणारं आयर्लंडमधल्या किलरश गावात कोणी नव्हतं. तसं त्या बाजूला सगळेच 'नको' म्हणतात. क्लेअर परगण्याच्या किनाऱ्यावर कुणाच्या घरी गेलं आणि चहा विचारला, की पाहुणा म्हणतो, नको, आत्ताच घेऊन निघालो. घरची बाई म्हणते, थेंबभर घ्या. पाहुणा म्हणतो, खरंच नको, तुम्हाला कशाला त्रास. ती म्हणते, त्रास कसला, पाणी उकळलंयच. मग पाहुणा सुस्कारा सोडून म्हणतो, बरं, हातातल्या हातात एक कप द्या. हातातल्या हातात म्हणजे टेबलाशी न बसता. त्यानंतर तो टेबलाशी बसतो आणि दोन कप चहा, लोणी लावलेला ब्राऊन ब्रेड आणि हॅमचे चार काप संपवून उठतो. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस एक तर दोन दिवसांचा उपाशी असतो, नाही तर इंग्लंडचा. आणि एकदाच विचारून गप्प बसणाऱ्याला मुळात द्यायचंच नसतं. हे तिथे कुणी कुणाला शिकवत नाही.

सेप्टाला हे घरातून मिळालं आणि धंद्यात मुरलं. चौकातल्या कापडाच्या दुकानात लोकर, बटणं आणि स्वेटर यांच्या काउंटरमागे ती तरुणपणापासून उभी होती. गिऱ्हाईक बाई स्वेटर अंगाला लावून म्हणायची, "नको गं, माझ्या वयाला कुठे शोभतो." या नकोकडे लक्ष द्यायचं नसतं. दुसऱ्या नकोला बाई आरशाकडे वळायची. तिसऱ्याला पर्स उघडायची. खरी नको क्वचित यायची आणि ती सेप्टाला आवाजावरून कळायची, कारण खरी नको म्हणणारी बाई कारण सांगत बसत नाही.

राहायची ती भावाकडे. मॉसी शेती करायचा, बोलायचा कमी. त्याची बायको गोरेटी दोघांच्या वाटचं बोलायची. सेप्टाची खोली स्वयंपाकघरामागे होती, पूर्वी तिथे बटाट्यांची पोती असायची. गोरेटी वाईट नव्हती. तिने नणंदेला कधी जा म्हटलं नाही. फक्त कुणी आलं की ती म्हणायची, "ही मॉसीची बहीण, आमच्याकडे असते." तीस वर्षं ती 'आमच्याकडे असते' होती. सेप्टाचा कपसुद्धा बाकीच्या कपांच्या रांगेत नव्हता, खिडकीत होता. त्यावर ती कधी काही बोलली नाही. पण कप धुऊन ठेवताना तिला रोज ते दिसायचं आणि रोज थोडं लागायचं.

दर जूनमध्ये लिमरिक शहरात कॅथलिकांचा नऊ दिवसांचा नोव्हेना असतो. आजूबाजूच्या परगण्यांतून माणसं प्रार्थनेला लोटतात. सेप्टा वर्षाची सुट्टी त्याच्यासाठी साठवायची आणि नन्सच्या वसतिगृहात उतरायची. ज्या वर्षी ते बंद पडलं, त्या वर्षी ती बावन्न वर्षांची होती. दुकानातल्या कुणीतरी टेस्कींच्या घराचा पत्ता दिला आणि वर सांगितलं, "घर प्रॉटेस्टंटाचं आहे, पण चादरी स्वच्छ असतात."

घर दोनशे वर्षांपूर्वीच्या जॉर्जियन धाटणीचं होतं, लाल विटांचं, तळघर आणि त्यावर चार मजले, दारावर अर्धगोल काच. त्या रांगेतली सगळीच घरं तशी. त्यांच्या खालच्या बाजूच्या खिडक्या दोन माणसांएवढ्या उंच असतात आणि वर जावं तशा लहान होत जातात, पार छपराखालच्या खोलीपर्यंत, जिथे मोलकरणीने आकाश बघायला वाकायचं. कोणाची पायरी काय ते बांधणाऱ्यांनी खिडक्यांवरून ठरवून टाकलं होतं. अर्नेस्ट टेस्कींच्या आजोबांनी बियाण्यांच्या व्यापारातल्या पैशावर हे घर घेतलं. नातवाच्या काळात बियाणं गेलं, घर उरलं, म्हणून त्यांनी पाहुणे ठेवले. स्वतः तळमजल्यावर राहायचे. उंच, हडकुळे, अविवाहित, उन्हाळ्यातही तोच करडा स्वेटर. त्यांचं बोलणं एक घाव दोन तुकडे. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही, आणि दोन्ही शक्यतो एका शब्दात.

पहिल्या वर्षी सेप्टाला छपराखालची खोली मिळाली. समुद्रपक्षी पहाटेच डोक्यावर नाचायचे. तिने तक्रार केली नाही, तक्रार करणं म्हणजे मागण्याचाच प्रकार. संध्याकाळी ती प्रार्थनेहून परतली की टेस्की चहाचा ट्रे घेऊन जिने चढून वर यायचे, दाराशी उभे राहायचे.

"गर्दी होती?"

"उभं राहायला जागा नव्हती."

"आमच्या चर्चमध्ये रविवारी अकरा जण होते," टेस्की म्हणाले. "डीनचा कुत्रा धरून."

डीन म्हणजे त्यांच्या चर्चचे मुख्य पाद्री. सेप्टा हसली. टेस्कींनी हे विनोद म्हणून सांगितलं की हिशेब म्हणून, तिला कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा ट्रे आणला तेव्हा ट्रेवर दोन कप होते, म्हणून तिने विनोद धरला.

दुसऱ्या वर्षी तिची बॅग घेऊन टेस्की पुढे चालू लागले आणि एक मजला आधीच थांबले. "या वर्षी ही," म्हणाले. पैसे तेवढेच. सेप्टा नको म्हणणार होती, पण विचारलंच नव्हतं, तर नको कशाला म्हणायचं? तिसऱ्या वर्षी त्याच मजल्यावरची रस्त्याकडची खोली. चौथ्या वर्षी आणखी एक मजला खाली, मागच्या बाजूला. पाचव्या वर्षी तिची बॅग दिवाणखान्यात गेली. घरातली सगळ्यात मोठी खोली ती, छताला चुन्याची फुलंपानं, तीन खिडक्या जमिनीपासून वर. टेस्कींनी तिला लाकडी झडपांची घडी कशी उघडायची ते दाखवलं. एक झडप अडकायची, तिला खालून गुडघा द्यावा लागायचा. तिसऱ्या दिवशी सेप्टाचा गुडघा बरोबर जागी लागला आणि तिला आपण इथे फार वर्षं राहतोय असं वाटलं. पडद्याचं अस्तर उसवलं होतं, तेही तिने शिवून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी शेवटच्या संध्याकाळी टेस्कींनी ट्रे आणला, चहा झाला, आणि ते उठले नाहीत. बाहेर अजून लख्ख उजेड होता.

"मिस हार्टिगन, या खोलीच्या खाली फक्त माझ्या खोल्या आहेत," ते म्हणाले.

"हो."

"तुम्हाला या घरात कायमचं राहायला आवडेल का? रीतसर. लग्न करून, असं म्हणतोय मी."

सेप्टाच्या छातीत इतकं धडधडलं की तिला वाटलं त्यांना ऐकू जाईल. आणि तिच्या तोंडून, तिने न बोलावता, आईचे, आजीचे आणि अख्ख्या परगण्याचे शब्द बाहेर पडले. "अहो, नको. तुम्हाला कशाला त्रास."

"बरं," टेस्की म्हणाले. त्यांनी ट्रे उचलला, दार पायाने हळूच ओढून घेतलं आणि ते खाली गेले.

सेप्टा खुर्चीत सरळ बसून राहिली. आता ते ट्रे ठेवून परत येतील. जिन्यावर पावलं उतरत गेली, तळघरात नळ सुटला, कप धुतल्याचा आवाज आला. तिने ब्लाउजची कॉलर नीट केली. नळ बंद झाला. मग खालचं एक दार लागलं आणि घर शांत झालं. ती उजेड जाईपर्यंत बसली होती.

टेस्की परत आले नाहीत. सकाळी त्यांनी तिची बॅग बसपर्यंत नेली, हवा कोरडी राहील म्हणाले. बसमध्ये तिने सगळ्याचा अर्थ लावला, आणि तिच्या गावच्या रीतीने तो एकच लागत होता. एकदाच विचारलं. म्हणजे मनात नव्हतं. एकट्या बाईला पाच वर्षं चांगली खोली दिली, तर बोलून दाखवावं म्हणून बोलून दाखवलं.

ती पुढच्या वर्षीही गेली. न जाणं म्हणजे आपल्याला लागलंय हे कबूल करणं झालं असतं. बॅग दिवाणखान्यात गेली. चहाचा ट्रे आला, दोन कप आले, डीनचा कुत्रा मेल्याची बातमी आली. प्रश्न आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही, त्याच्याही पुढच्या वर्षी नाही. दर शेवटच्या संध्याकाळी ती चांगला ब्लाउज घालायची आणि स्वतःला सांगायची की प्रार्थनेचा शेवटचा दिवस आहे म्हणून. वय साठीला टेकलं. स्वयंपाकघरामागच्या खोलीला ओल यायला लागली आणि गोरेटीने एकदा सहज म्हणावं तसं विचारलं, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात नन्स फार चांगल्या आहेत म्हणतात, नाही?

त्या प्रश्नानंतरच्या चौथ्या वर्षी बॅग ठेवून सेप्टा तळघरातल्या स्वयंपाकघरात गेली. तिथे डेलिया पाहुण्यांचा नाश्ता करायची. डेलिया लिमरिकची, तोंडाने फटकळ, मनाने साधारण. ती चिनी मातीच्या ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होती.

"हे काय चाललंय?"

"तुला सांगितलं नाही त्यांनी? घर विकलं. वकिलांची ऑफिसं होणार इथे. साहेब ऑगस्टमध्ये कॅसलकॉनेलला चालले, नदीकाठी. दोन खोल्यांचं घर घेतलंय. चहा घेणार?"

"नको, आत्ताच घेतला."

"ऐक गं," डेलिया म्हणाली आणि किटली ठेवायलाही लागली, "या घरात ही सवय सोड. मी सोडली. कोटापायी सोडली."

"कुठला कोट?"

"साहेबांच्या आई, म्हाताऱ्या मिसेस टेस्की, गेल्या ना, त्यांचा. आतून रेशीम, गळ्याला मऊ फर. साहेब म्हणाले, डेलिया, तुला हवा का हा? मी म्हटलं, छे हो, मी कुठे घालणार असला. झालं. दुसऱ्या दिवशी कोट त्यांच्या चर्चच्या जुन्या बाजारात. गेली कित्येक वर्षं डीनच्या स्वयंपाकिणीच्या अंगावर बघतेय. माझ्यासमोरून मिरवते, सटवी. त्या माणसाला नको म्हटलं की संपलं, बाई. त्यांच्यात पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटारडं म्हणणं. भीड भिकेची बहीण, माझी आई सांगायची, पण कोट जाईपर्यंत मला पटलं नव्हतं."

सेप्टाने कप हातात धरला. "त्यांचं कोणी नाही का? लग्न वगैरे..."

"विचारलं होतं म्हणे एकीला. मला एकदाच बोलले, भांडी पुसता पुसता. नको म्हणाली ती. त्यावर घर विकायला काढायचं ठरवलं. एवढ्या मोठ्या घरात एकट्याने कोणासाठी जिने चढायचे, म्हणाले. कोण ती महामाया, देव जाणे." डेलिया ताटली गुंडाळता गुंडाळता थांबली. तिने सेप्टाकडे पाहिलं आणि ताटली टेबलावर ठेवली. "अगं बया. तू?"

सेप्टाने मानेनेच हो म्हटलं.

"आणि तू काय म्हणालीस? कशाला त्रास?"

"हो."

"जसंच्या तसं?"

"हो."

"क्लेअरच्या बायका," डेलिया म्हणाली आणि पुन्हा ताटल्यांना लागली. "तुमच्यातली एखादी बुडत असली तरी दोरी टाकणाऱ्याला म्हणेल, राहू द्या, पोहतेच आहे."

त्या नऊ दिवसांत सेप्टाने काय प्रार्थना केली ते सांगता येत नाही, कारण तिलाच सांगता आलं नसतं. तिला रडू आलं नव्हतं, राग आला होता. आधी टेस्कींचा, मग आईचा, मग स्वतःचा. पण राग आला म्हणून जीभ वळते असं नाही. न विचारता हवं म्हणायचं म्हणजे तिच्या दृष्टीने रस्त्यात उभं राहून खायला मागण्यातला प्रकार. दर संध्याकाळी ट्रे आला, दर संध्याकाळी ती हवेबद्दल बोलली.

शेवटच्या संध्याकाळी चहा झाल्यावर टेस्की म्हणाले, "घराचं डेलियाने सांगितलं असेल."

"सांगितलं."

"नव्या घरात पाहुण्यांची खोली नाही. पुढच्या जूनमध्ये तुम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. मला त्याचं वाईट वाटतं."

सेप्टा थांबली. प्रश्न येणार नव्हता, आता तिला ते पक्कं माहीत होतं, तरी ती थांबली. मग म्हणाली, "पाहुण्यांची खोली नकोच आहे मला."

"बरं," टेस्की म्हणाले आणि त्यांनी ट्रे उचलला.

तोच 'बरं'.

"तो ट्रे खाली ठेवा," ती म्हणाली. दुकानात बटणं विस्कटणाऱ्या पोरांशी ती ज्या आवाजात बोलायची तोच हा आवाज होता. टेस्कींनी ट्रे ठेवला.

"चार वर्षांपूर्वी तुम्ही मला काहीतरी विचारलं होतं."

"हो. तुम्ही नको म्हणालात."

"पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं."

टेस्कींनी यावर विचार केला. "का?"

हे सेप्टाला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. "अधाशी दिसू नये म्हणून."

"मग विचारणाऱ्याने करायचं काय?"

"पुन्हा विचारायचं."

"मी पुन्हा विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

"नको म्हणाले असते."

"मिस हार्टिगन," टेस्की म्हणाले आणि खाली बसले.

"तिसऱ्यांदा हो म्हणाले असते. मला वाटलं, तुम्ही उगाच विचारलंत."

"मी उगाच काही विचारत नाही. मला वाटलं, माझं चर्च, माझं वय, तुमचा भाऊ, सगळ्याचा विचार करून तुम्ही उत्तर दिलंत. मी त्या उत्तराचा मान ठेवला." त्यांनी ट्रे थोडा बाजूला सरकवला. "म्हणजे आता मी पुन्हा विचारायचं का?"

"नको," सेप्टा म्हणाली, आणि तोंडावर हात दाबला. टेस्कींचा चेहरा पडलेला तिने पाहिला. तो पाहिला म्हणूनच पुढचं तिला जमलं. "हो. हो म्हणतेय मी. विचारायच्या आधीच. मला हवं आहे."

शेवटचे तीन शब्द तिने इतके हळू म्हटले की टेस्कींना पुढे वाकावं लागलं. पण त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावले नाहीत.

किलरशमध्ये ही बातमी चहाबरोबर आठवडाभर पुरली. गोरेटी म्हणाली, "वरातीमागून घोडं." मॉसीने बराच वेळ पाइप कोरला आणि म्हणाला, "तो प्रॉटेस्टंट आहे." "चादरी स्वच्छ असतात," सेप्टा म्हणाली. फादरने कागदांवर सह्या घेतल्या, डीनने चहा दिला, आणि सेप्टाने तो पहिल्याच विचारण्याला घेतला. डेलिया लग्नाला आली ती मुद्दाम कोट न घालता, थंडीत कुडकुडत, टेस्कींच्या समोरून दोनदा गेली. टेस्कींना काही कळलं नाही.

कॅसलकॉनेलचं घर बसकं होतं. तिथे खाली उतरायला मजलाच नव्हता. दोघांचे कप एकाच फळीवर असायचे. पहिली काही वर्षं जेवणाच्या टेबलावर रोज घोटाळे झाले. सेप्टा भिडेने बटाटा नको म्हणायची आणि टेस्की भांडं खरंच उचलून न्यायचे, मग तिला मागे जाऊन आणावं लागायचं. हळूहळू ती एका विचारण्याला हो म्हणायला शिकली. टेस्की काय शिकले ते बाहेरून दिसत नव्हतं. ते तसेच होते, एका शब्दाचे.

आठव्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली आणि त्यांना लिमरिकच्या हॉस्पिटलात ठेवलं. आवाज पार खाली गेला होता. डॉक्टर सेप्टाशी हळू बोलायचे आणि तिच्या डोळ्यांकडे बघायचे नाहीत, त्यावरून तिने काय ते ओळखलं होतं. ती सकाळपासून त्यांच्या खाटेशी बसलेली असायची.

चार वाजता चहाची गाडी आली. नर्स नवी होती, इंग्लंडहून आलेली, नीटनेटकी पोरगी.

"चहा देऊ, मिस्टर टेस्की?"

"नको," टेस्की म्हणाले. "तुम्हाला कशाला त्रास."

"बरं," नर्स म्हणाली आणि गाडी पुढच्या खाटेकडे ढकलली.

टेस्कींनी उशीवरून मान वळवली. गाडी दुसऱ्या खाटेशी गेली, तिथून तिसऱ्या, आणि ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी एका हाताने रात्रीच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. सेप्टा उठली आणि वॉर्डमधून जाऊन नर्सच्या गाडीचा दांडा धरला.

"त्यांना पुन्हा विचार."

"पण ते नको म्हणाले."

"एकदाच म्हणाले."

नर्स गाडी घेऊन परत आली. तिने विचारलं. टेस्की म्हणाले, "खरंच नको." नर्सने सेप्टाकडे पाहिलं. सेप्टाने मानेने खूण केली, आणखी एकदा.

"थोडा तरी घ्या ना," पोरगी म्हणाली.

टेस्कींनी सुस्कारा सोडला. "बरं," ते म्हणाले. "हातातल्या हातात."

हातात कप धरवत नव्हता, म्हणून सेप्टाने तो त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी अर्धा घेतला आणि डोळे मिटले. उरलेला अर्धा तिने, कुणी विचारायची वाट न बघता, स्वतः पिऊन टाकला.